घरामागच्या शेडमध्ये वर्कशॉप टाकायचंय, लेथ नवा घ्यावा की जुना?

तुमचा प्रश्न असा की रत्नागिरीजवळ गावात शेड तयार आहे, मीटर सिंगल फेज, पंपाचे शाफ्ट, बुश आणि होड्यांची किरकोळ कामं करायचीत, तर नवा छोटा चायना लेथ (लोखंड गोल फिरवून कापायचं मशीन) बरा की जुना मोठा, आणि सोबत मिलिंग मशीन (फिरत्या कटरने सपाट भाग, खाचा कापणारं) पण घ्यावं का.

मी मालवणात खाडीच्या कडेला हेच काम करतो, त्यामुळे सरळ सांगतो, जुना देशी लेथ घ्या, साडेचार किंवा सहा फुटी, आणि मिलिंग सध्या डोक्यातून काढून टाका. चायना मिनी लेथ वाईट नाही, छंदाला मस्त, पण त्याच्या स्पिंडलचं, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या पोकळ दांड्याचं, भोक साधारण 20 मिमी, त्यातून होडीचा शाफ्ट जाणारच नाही मग काय करणार? कुठलाही लेथ बघताना आधी हे भोक मोजा. आणि साडेचार फूट म्हणजे बेडची (मशीनचा लांब पाया) लांबी बरं का, दोन सेंटरमध्ये (दोन टोकांच्या आधारांमध्ये) जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, त्यापेक्षा बराच आखूड बसतो, विकणारा हे आपणहून सांगत नाही.

जुनी मशिनं कोल्हापूरला मिळतात, उद्यमनगर, शिरोलीकडे चौकशी करा, बहुतेक माल राजकोट, बटाला, लुधियानाचा असतो. जाताना मायक्रोमीटर, डायल गेज आणि 35-40 मिमीचा एक बार घेऊन जा. नवीन रंगाकडे बघूच नका, रंग काय कालच मारलेला असतो. कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) चकजवळ (जॉब धरणारा पंजा) आणा, लॉक इतकं आवळा की कॅरेज जेमतेम सरकेल, आणि मग टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाचा आधार) न्या. तिकडे जाऊन जाम झालं तर समजायचं चकजवळ बेड खाल्लेला आहे, कारण सगळी कामं तिथेच होतात. मग बार चकमध्ये धरा, वीतभर बाहेर, टेलस्टॉक न लावता, बारीक कट मारा आणि दोन्ही टोकांना मोजा. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशचा फरक असेल तर लेव्हलिंग (बेड समतल बसवणं) नीट केल्यावर बराचसा जाऊ शकतो, दहा शतांशच्या वर असेल तर मी चहा पिऊन परत येईन. चेंज गियरचा (आट्यांचं माप बदलायचे गियर) सेट पूर्ण आहे का तेपण बघा. लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) इंचाचा असेल आणि मेट्रिक आटे अचूक पाडायचे असतील तर 127 दात्यांचा गियर लागतो (25.4 गुणिले 5 म्हणजे 127), आणि नेमका तोच हरवलेला असतो. ट्रू चक (तिन्ही जबडे एकदम सरकणारा) आणि डॉग चक (चारही जबडे वेगवेगळे सरकणारा) दोन्ही मागा. रिपेअरच्या कामात डॉग चकच जास्त चालतो, झिजलेला जॉब ट्रू चकमध्ये कुठे ट्रू बसतोय.

आता वीज. जुन्या लेथवर थ्री फेज मोटर असणार, त्यासाठी कनेक्शन बदलायलाच पाहिजे असं नाही, दोन एचपीपर्यंत सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज बनवणारा ड्राइव्ह) लावून चालतं. पण हा व्हीएफडी 230 व्होल्टच बाहेर देतो आणि एवढ्या छोट्या मोटरी बहुतेक 415 व्होल्ट स्टारमध्ये जोडलेल्या असतात, तेव्हा ती डेल्टा करावी लागते (स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटरच्या आतल्या वायरी जोडायच्या दोन पद्धती). मोटरच्या पेटीत सहा वायरी असतील तर पट्ट्या बदलून काम झालं, तीनच असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतला स्टारचा जोड सोडवून सहा बाहेर काढून घ्या.

आणि आपल्याकडचं खरं दुखणं म्हणजे गंज. लोकांना वाटतं पाऊस आत आला की गंज चढतो. तसं नाही, पावसाळ्यात सकाळी गरम दमट हवा शेडमध्ये शिरते, बिडाचा बेड रात्रीचा गारच असतो, त्याला घाम सुटतो, वर खारा वारा आहेच. प्लॅस्टिक टाकून झाकलं की तो घाम आतच कोंडतो, म्हणून प्लॅस्टिक नको, जुनी सुती साडी स्लाइडवे ऑइलमध्ये भिजवून बेडवर पसरा आणि खाली एक साठचा पिवळा बल्ब पेटता ठेवा, कापडाला टेकू देऊ नका फक्त. लोखंड हवेपेक्षा जरासं कोमट राहिलं की पाणी धरत नाही. बाथरूमच्या अ‍ॅसिडची बाटली शेडमध्ये ठेवू नका, बूच बंद असलं तरी वाफ सुटते आणि आठवड्यात सगळं तांबूस होतं. बेंच ग्राइंडर लेथपासून लांब, शक्यतो दाराबाहेर पडवीत, कारण त्याची धूळ बेडवर बसली की तेलात कालवून पॉलिश पेपरचंच काम करते.

मिलिंगचे पैसे वाचतील त्यात चांगलं ड्रिल मशीन, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, व्हर्नियर घ्या. चावीचा गाळा (शाफ्टवरची खाच) पाडायचा असेल तर लेथवर व्हर्टिकल स्लाइड (जॉब वर-खाली सरकवणारा जोड) लावून निघतो, वेळ लागतो पण निघतो.

घाटातून आणताना टेलस्टॉक काढून वेगळा बांधा, कॅरेज चकपासून लांब नेऊन लॉक करा, हेडस्टॉककडे (चकच्या बाजूला) वजन जास्त असतं म्हणून चेन ब्लॉक लावताना पट्टा त्या बाजूला सरकवून घ्या. मशीन पसंत पडलं की पैसे द्यायच्या आधी मोटरच्या नेमप्लेटचा आणि चकजवळच्या बेडचा फोटो इथेच कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.