कॅन्सरच्या रुग्णाबद्दल विचारले की फॅमिली डॉक्टर ‘मुंबईलाच विचारा’ असे का म्हणतात?

वडिलांची केमो चालू असताना जवळच्या डॉक्टरांनी हात झटकले, असे तुम्ही लिहिले आहे. सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी मी तीस वर्षे दवाखाना चालवतो, त्यामुळे त्यांची भीती मला कळते. मी एकदा हात झटकले नाहीत आणि तेच अंगाशी आले.

जिभेच्या कॅन्सरसाठी मुंबईहून केमो घेऊन आलेले एक निवृत्त गुरुजी नवव्या दिवशी सायंकाळी माझ्याकडे आले. ताप 101, घसा लाल, बाकी माणूस गप्पा मारत बसलेला. आमच्या शिक्षणात ताप म्हणजे मलेरिया नाहीतर टायफॉइड आणि कॅन्सर म्हणजे स्टेजिंगचा, म्हणजे तो किती पसरला हे ठरवण्याचा तक्ता. मी पॅरासिटामॉल लिहून ‘परवा दाखवा’ म्हटले. पहाटे त्यांचे बीपी 80 वर आले. केमोनंतर आठवड्या-दीड आठवड्यात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तेव्हा 100.4 च्या पुढचा ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे लागते, हे मी पन्नाशीत शिकलो. गुरुजी रुग्णालयात वाचले. तिथल्या निवासी डॉक्टरांनी मात्र त्यांच्या मुलाला विचारले, “कोण हा अडाणी डॉक्टर?”

त्या अडाण्याच्या हाती जे डिस्चार्ज कार्ड आले होते, त्यावर औषधांची आद्याक्षरे, केमोच्या पुढच्या सायकलची (फेरीची) तारीख आणि न लागणारी सही एवढेच होते. ताप आला तर काय करावे किंवा रात्री कोणाला फोन करावा, याची एक ओळही नव्हती.

वेदनेचेही तेच. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाविषयीचे नियम 2014 मध्ये सैल झाले, तरी माझ्या पिढीतले अनेक जण ट्रामाडॉल या त्याहून सौम्य वेदनाशामकाच्या पुढे जायला कचरतात, कारण मॉर्फिनचा डोस कसा वाढवायचा आणि त्यासोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध द्यायचे, हे कोणी शिकवलेच नाही.

म्हणून वडिलांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयातील युनिटकडून स्थानिक डॉक्टरांच्या नावाने मराठीत किंवा इंग्रजीत पत्र मागा आणि ते मिळाल्याशिवाय तिथून हलू नका. पाच ओळींचे पत्र लिहायला वेळ नसेल, तर अडाणी म्हणायला तरी वेळ कुठून मिळतो? अर्थात त्यांच्या ओपीडीतली गर्दी मी पाहिली आहे आणि मीही त्या रात्री फोन शोधायची खटपट केली नव्हती, हे कबूल करतो.

हे खरे तर आधी लिहायला हवे होते: वडिलांना आत्ता ताप असेल, तर पत्राची वाट न पाहता त्यांना थेट रुग्णालयात न्या आणि ‘केमो चालू आहे’ हे दारातच सांगा.