जुन्या पेठेत नवं ऑफिस : वाचकांचे प्रश्न

पुण्याच्या पेठांमधून येणाऱ्या पत्रांचा साचा ठरलेला आहे: अरुंद, खोल प्लॉट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, आणि त्यात ‘ग्रीन’ आणि ‘फ्लेक्झिबल’ ऑफिस बसवायचंय. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकत्र घेतो.

प्लॉट शनिवारवाड्यापासून दीडशे मीटरवर आहे. बांधता येईल?

राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला मिळाला तर. १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, पुढचे २०० मीटर नियंत्रित. अंतर संरक्षित हद्दीपासून मोजतात, वाड्याच्या दिल्ली दरवाजापासून नव्हे.

गच्चीवर सोलर लावलं की बिल्डिंग ग्रीन झाली ना?

नाही. एका गच्चीची वीज सहा मजल्यांच्या एसीला पुरत नाही.

दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. काचवाला म्हणतो, डबल ग्लेझिंगने एसीचं बिल निम्मं होईल.

लेखी मागा, देणार नाही. दोन काचांमधली पोकळी बाहेरची गरम हवा अडवते. ऊन अडवायचं काम मुख्यतः काचेवरच्या कोटिंगचं. म्हणून ‘एसएचजीसी’ विचारा, म्हणजे उन्हाच्या उष्णतेचा किती भाग काचेतून आत येतो तो आकडा. ०.२५च्या आसपास हवा, आणि आकडा चाचणी अहवालात बघा, ब्रोशरमध्ये नको. पश्चिमेचं ऊन खालून तिरपं येतं, तिथे छज्जा कुचकामी. बाहेरून उभ्या फिन्स, म्हणजे आडोशाच्या पट्ट्या, लावा. काच ठरवण्याआधी ऊर्जा सल्लागाराकडून हिशोब करून घ्या.

फर्निचरवाल्याकडून मॉड्युलर पार्टिशनं घेतली की ऑफिस फ्लेक्झिबल होतं का?

पार्टिशन कोणीही हलवतो. ते हलवल्यावर वर एसीचा डक्ट, खाली ड्रेनेज आणि बाजूला जिना कुठे राहतो, हा खरा प्रश्न. तो पायलिंगच्या आधी सुटतो, नाहीतर कधीच सुटत नाही.

पहिलं, उंची. एक मजला जास्त बसावा म्हणून मजल्याची उंची ३.३ मीटर धरतात. त्यातून फ्लोअरिंगचे ७५ मिमी, बीमचे ६००, डक्टचे ३५०, सीलिंग आणि लाइटचे १०० वजा करा: बीमखाली सव्वादोन मीटरही उरत नाही. मग कंत्राटदार डक्टसाठी बीमलाच भोक पाडतो! ३.९ मीटर घ्या, आणि बीममधले स्लीव्ह (पाइप-डक्टसाठी आधीच ठेवलेली भोकं) स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्येच दाखवून घ्या.

दुसरं, वजन. इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक, आयएस ८७५ भाग २ प्रमाणे स्टोअर वेगळं असलेल्या ऑफिसला चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन धरतात, नसेल तर ४. पैसे वाचवायला २.५ धरायचं आणि पाच वर्षांनी कोपऱ्यात फायलींची कपाटं रचायची, हा सर्रास प्रकार. सगळीकडे ४ धरा. सरकत्या कपाटांना तेही पुरत नाही, ती कुठे येणार हे आधीच सांगा.

तिसरं, शाफ्ट, म्हणजे पाइप आणि वायरी मजल्यामजल्यांतून नेणारी उभी पोकळी. प्रत्येक मजल्याचे उद्या दोन भाडेकरू होतील असं समजून दुसऱ्या टॉयलेट-पॅन्ट्रीचा ड्रेनेज शाफ्ट आजच ठेवा, वायरिंगच्या शाफ्टमध्ये पाव भाग जागा रिकामी सोडा, आणि शाफ्टचं दार लॉबीत उघडू द्या. ते भाडेकरूच्या केबिनमध्ये निघालं, तर वरच्या मजल्याचा गळका पाइप बघायलाही त्याची किल्ली लागते. दोन्ही भाडेकरूंना दोन्ही जिन्यांकडे एकमेकांच्या ऑफिसातून न जाता पोचता आलं पाहिजे. इथे चुकलात की मजला भागता येत नाही. हे सगळं एमईपी (एसी, वीज, प्लंबिंग) सल्लागाराचं काम आहे. त्याला स्लॅब पडल्यावर बोलावतात, तेव्हा त्याच्या हातात फक्त तडजोड उरते.

शेजारचा वाडा मातीच्या जोडकामाचा आहे. लागून बेसमेंट खोदायचंय. पावसाळ्याआधी खोदून ठेवू का?

खोदून ‘ठेवणं’ हाच घात. पाणी शिरलं, उपसा लावला, की पाण्याबरोबर बारीक माती निघून येते आणि शेजारची भिंत खचते. आधी बोअर घेऊन जमिनीचा अहवाल, शेजाऱ्याला बरोबर घेऊन प्रत्येक तड्याचे तारखेसह फोटो, तड्यांवर काचपट्ट्या, तडा वाढला की त्या फुटतात. मग आधाराची रचना, आणि भिंतीलगत मीटर-दीड मीटरचे तुकडे एकाआड एक खोदा. खडक लागला तर सुरुंग नाही. ब्रेकरचा हादराही अशा भिंतीला बाधतो. भू-तांत्रिक सल्लागाराच्या सहीशिवाय जेसीबी आत घेऊ नका. आणि गाड्यांसाठीच बेसमेंट हवं असेल, तर आधी यांत्रिक पार्किंगचा खर्च काढून बघा.

शेजाऱ्याच्या खिडक्या आमच्या हद्दीकडे उघडतात, पंचवीस वर्षं झाली. भिंत बांधून बुजवू?

२० वर्षांच्या सलग, विनाअडथळा वापराने उजेडाचा हक्क मिळू शकतो, सुविधाधिकार कायदा १८८२, कलम १५. नकाशा दाखल करण्याआधी वकील गाठा.