वाचकांचे प्रश्न : गॅमा किरण स्फोट मोजायचा कसा?

प्रश्न : 11 डिसेंबर 2021चा जीआरबी 211211ए हा गॅमा किरण स्फोट (दूरच्या अवकाशातून थोडा वेळ येणारा अतिऊर्जेच्या किरणांचा झोत; जीआरबी हे त्याचे इंग्रजी लघुरूप) फर्मी या अवकाश दुर्बिणीच्या नोंदीत सुमारे 34 सेकंदांचा आहे, तर स्विफ्ट या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीच्या नोंदीत सुमारे 51 सेकंदांचा. खरा आकडा कोणता?

उत्तर : दोन्ही खरे. स्फोटाची शेपटी पार्श्वभूमीच्या किरणांत हळूहळू विरत जाते, त्यामुळे तो नेमका कधी संपला हे दाखवता येत नाही. म्हणून 'टी-90' हे माप वापरतात. स्फोटाच्या आधीचा आणि नंतरचा शांत काळ घेऊन पार्श्वभूमीची वक्ररेषा बसवायची, ती मधल्या काळातून वजा करायची आणि उरलेल्या फोटॉनांची (किरणांच्या कणांची) बेरीज करत जायचे. ही बेरीज एकूण बेरजेच्या 5 टक्क्यांवरून 95 टक्क्यांवर जायला जो वेळ लागतो तो टी-90.

आता फरक कुठे पडला ते पाहा. फर्मीवरच्या जीबीएम उपकरणाचा टी-90 हा 50 ते 300 केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या पट्ट्यातला असतो. स्विफ्टच्या बॅट उपकरणाने मात्र 15 केईव्हीपासूनचे फोटॉन मोजले. स्फोट ओसरताना फोटॉनांची ऊर्जा उतरत जाते. जीबीएमच्या पट्ट्यातून शेपटी निघून गेली तरी बॅटला ती दिसत राहते. त्यातही स्फोट क्षीण असेल, तर शेपटीचा मोठा भाग पार्श्वभूमीखाली बुडतो आणि आकडा आणखी आखडतो. त्यामुळे उपकरण आणि ऊर्जेचा पट्टा न सांगता दिलेला टी-90 अर्धवटच समजावा.

'दोन सेकंदांहून कमी म्हणजे लघुस्फोट' ही सीमाही बॅटसी या आधीच्या काळातल्या एका उपकरणाच्या नोंदींवरून रुळली. जीआरबी 211211ए दोन्ही मापांनी दीर्घ ठरतो, तरी त्याच्या जागी नंतर किलोनोव्हाची (अशा विलीनीकरणानंतर उरणाऱ्या झळाळीची) खूण सापडली, आणि ती न्यूट्रॉन तारे या अतिघन ताऱ्यांच्या विलीनीकरणाकडे बोट दाखवते, जे सहसा लघुस्फोटांचे मूळ मानतात. केवळ कालावधीवरून स्फोटाचे मूळ ठरवू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते.

प्रश्न : या किरणांना भिंगाने वा आरशाने एकत्र आणता येत नाही. मग दिशा कशी कळते?

उत्तर : तीन वाटा आहेत. जीबीएममध्ये सोडियम आयोडाइडचे 12 चपटे स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवले आहेत. प्रत्येक साधारण 12.7 सेंमी व्यासाचा आणि 1.27 सेंमी जाडीचा. स्फोटाकडे तोंड असलेल्यात मोजणी जास्त, तिरक्यांत कमी. या गुणोत्तरावरून दिशा काढतात. पण पृथ्वीच्या वातावरणावरून आणि यानाच्या अंगावरून विखुरलेले फोटॉनही मोजणीत मिसळतात, त्यामुळे चूक सहज काही अंशांची असते.

बॅटवर शिशाच्या सुमारे 52,000 बारीक फरशा विस्कळीत मांडणीत बसवलेला पडदा, म्हणजे कोडेड मास्क आहे. त्याची सावली खाली मांडलेल्या 32,768 कॅडमियम-झिंक-टेल्युराइड शोधकांवर पडते. सावली किती सरकली यावरून दिशा 1 ते 4 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) इतकी नेमकी मिळते. मग यान स्वतःच त्या दिशेला वळते आणि त्याची क्ष-किरण दुर्बीण काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जागा निश्चित करते.

तिसरी वाट वेळेची. दोन यानांत 500 प्रकाश-सेकंदांचे (प्रकाश 500 सेकंदांत कापतो तेवढे) अंतर असेल आणि स्फोट पोचण्याच्या वेळांतला फरक 0.1 सेकंदापर्यंत कळला, तर आकाशात एक कलेपेक्षाही अरुंद कंकण आखता येते, आणि स्फोट त्या कंकणावर कुठेतरी असतो. पृथ्वीजवळच्या दोन यानांवर मात्र हा हिशेब फारसा चालत नाही : पृथ्वीचा व्यासच सुमारे 0.04 प्रकाश-सेकंद भरतो.

प्रश्न : स्फोट फारच तेजस्वी असला तर मोजमाप सोपे होत असेल ना?

उत्तर : उलट बिघडते. जीबीएमला एक फोटॉन नोंदवायला सुमारे 2.6 मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ तो शोधक आंधळा असतो. सेकंदाला 1 लाख नोंदी झाल्या, तर त्या सेकंदातला 0.26 भाग वाया जातो. हे नुकसान गणिताने भरून काढता येते. खरी पंचाईत पुढे होते : दोन फोटॉन इतके लागोपाठ येतात की त्यांचे स्पंद एकमेकांवर चढतात आणि दोहोंच्या ऊर्जेची बेरीज एकाच फोटॉनच्या नावावर लागते. वर्णपट (ऊर्जेनुसार फोटॉनांची वाटणी) होता त्यापेक्षा कठोर, म्हणजे जास्त ऊर्जेकडे झुकलेला, दिसू लागतो. 9 ऑक्टोबर 2022च्या जीआरबी 221009एच्या शिखरावेळी जीबीएमचे हेच झाले. चीनच्या जीकॅम-सी उपकरणाला मात्र ते शिखर संपृक्त न होता, म्हणजे मोजण्याची मर्यादा न ओलांडता, मोजता आले.

प्रश्न : विद्यार्थ्यांना फर्मीच्या खुल्या विदेवरून (माहितीसाठ्यावरून) प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार मोजणीचा आलेख, काढायचा आहे. काय सांभाळावे?

उत्तर : नासाच्या संग्रहातून त्या स्फोटाच्या 'टीटीई' (प्रत्येक फोटॉनची वेगळी नोंद असलेल्या) फायली उतरवून घ्या. त्यात प्रत्येक फोटॉनची वेळ 2 मायक्रोसेकंदांपर्यंत आणि ऊर्जा 128 कप्प्यांत मिळते. बाराही स्फटिक घेऊ नका. स्फोटाशी 60 अंशांहून कमी कोन करणारे आणि सौरपत्र्यांच्या वा यानाच्या आड न येणारे तेवढेच निवडा. 50 ते 300 केईव्ही पट्टा आणि 64 मिलिसेकंदांचे वेळेचे कप्पे घेऊन सुरुवात करा. लघुस्फोटासाठी कप्पे बारीक करावे लागतील.

सर्वाधिक चुका पार्श्वभूमीत होतात. यान फिरत असते, त्यामुळे ती सपाट नसते. पहिल्या किंवा दुसऱ्या घाताची बहुपदी बहुधा पुरते. घात वाढवला की रेषा स्फोटाचीच शेपटी गिळते आणि टी-90 खोटा लहान येतो. निवडलेल्या काळांतला एक भाग स्फोटाला लागून असेल, तर तो थोडा मागे सरकवून पुन्हा मोजा. आकडा हलला, तर रेषा चुकली. फार लांबलेल्या स्फोटासाठी 30 प्रदक्षिणा आधीची आणि 30 नंतरची पार्श्वभूमी वापरता येते, कारण तेव्हा यान जवळपास त्याच जागी आणि त्याच रोखाने असते.

प्रश्न : मोजणी अचानक वाढली की तो स्फोटच असतो का?

उत्तर : नाही. जीबीएमच्या यानावरील संगणकाला किमान दोन शोधकांत एकाच वेळी वाढ दिसावी लागते, तरी सौरज्वाला, मॅग्नेटारचे (अतितीव्र चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्यांचे) उद्रेक, गडगडाटी ढगांतून निघणारे मिलिसेकंदाहूनही छोटे झोत आणि यानाभोवतीचे भारित कण यांनीही तो जागा होतो. दिशा सूर्याची आणि फोटॉन मुख्यतः कमी ऊर्जेचे असतील, तर आधी सौरज्वालेचा संशय घ्यावा. भारित कणांच्या वेळी एकमेकांच्या पाठीला असलेल्या शोधकांतही मोजणी जवळजवळ सारखीच चढते. दक्षिण अटलांटिकवरच्या कणांच्या दाट पट्ट्यातून जाताना तर शोधकांचा विद्युतदाब उतरवूनच ठेवतात, आणि त्या वेळात झालेला स्फोट जीबीएमला दिसत नाही.