संध्याकाळी जाऊन बघ

आईच्या अल्झायमरबद्दलचं तुझं पत्र मिळालं. "आईला घरी ठेवू की संस्थेत?" हा एकच प्रश्न तू तीनदा लिहिलायस. त्याचं उत्तर आज ठरवू नकोस. आधी एक वही घे आणि दोन आठवडे फक्त टिपत राहा. आई रात्री किती वेळा उठते? कधी बिथरते? गॅस बंद करायचं लक्षात राहतं का? लघवीचं भान आहे का? घास गिळताना ठसका लागतो का? ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या आलॉइस अल्झायमर यांनीही १९०१ साली हेच केलं होतं. पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या एका बाईंना समोर बसवून ते प्रश्न विचारत आणि त्यांची उत्तरं टिपून ठेवत.

वहीमुळे नेमकी गरज कळते. त्रास रात्रीचाच असेल तर रात्रीपुरती मदतनीस बाई पुरेल. तू कामावर असताना आई एकटी पडत असेल तर दिवसा सांभाळणारं केंद्र बघ. चोवीस तास डोळ्यात तेल घालून बसावं लागत असेल, तर मात्र ते एकट्या माणसाचं काम नाही. "तुला कुठे ठेवणार नाही" असा शब्द तू तिला दिला होतास खरा, पण तेव्हा ती मध्यरात्री दार उघडून बाहेर पडत नव्हती.

एका बाबतीत मी चुकलो. माझ्या वडिलांनाही हाच आजार होता. ते दोन दिवसांत एकाएकी बिघडले. ओळखेनात, ओरडायला लागले. आजार वाढला असं समजून मी घाईघाईने जागा शोधली. निघाला लघवीचा संसर्ग. औषधांनी आठवड्यात ते बरेचसे पूर्ववत झाले. अल्झायमर असा दोन दिवसांत उडी मारत नाही. म्हणून अचानक फरक दिसला तर आधी डॉक्टर, मग निर्णय.

जागा बघायला सकाळी अकराला जाऊ नकोस, तेव्हा सगळं नीटनेटकंच असतं. दिवस मावळताना जा. या आजारात बऱ्याच जणांची बेचैनी तेव्हाच वाढते. आमचे वडील स्वतःच्याच घरात पिशवी घेऊन दारात उभे राहायचे, "मला घरी जायचंय." हेच आपलं घर, असं सांगितलं की जास्तच चिडायचे. "चला" म्हणून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं की शांत. अशा वेळी तिथली माणसं वाद घालतात की बरोबर चालायला लागतात, ते बघ.

आणि एवढं विचारच: आंघोळीला नाही म्हटलं तर काय करता? "दोघी मिळून घालतो" म्हणाले तर निघून ये. "थोडा वेळ थांबतो, मग दुसरं कुणी विचारून बघतं" म्हणाले तर बस आणि पुढचं ऐक. रात्री किती जण जागे असतात? शांत ठेवायच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून देतात, किती दिवस? यातल्या काही गोळ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच दिला आहे. गरज पडते कधीकधी, पण सवय म्हणून नको.

बँकेचे आणि इतर कागद मात्र लगेच हाती घे. आईला अजून समजतंय, सही करता येतेय. तिला काय हवंय तेही तिलाच विचार. हे आपण हमखास विसरतो.

वही भरली की फोन कर. पहिली जागा बघायला मी बरोबर येतो. संध्याकाळी.