वाचकांचे प्रश्न : आज्जीच्या सुपातली गोष्ट

प्रश्न : निपाणीजवळच्या आमच्या मराठी शाळेत सातवीच्या मुलांनी घरातल्या गोष्टी लिहिल्या असून त्यांतील एकीवर एक मिनिटाचे ॲनिमेशन करायचे ठरले आहे. बहुतेकांनी गडकिल्ल्यांवरचे प्रसंग लिहिले. एका मुलीने मात्र बिड्या वळणाऱ्या आज्जीवर लिहिले. ‘दुसरं काही नव्हतं काय लिहायला?’ असे तिच्या आईने मला विचारले. शिवाय लिखाणात बोलीतली वाक्ये आणि कानडी वळणाचे शब्द आहेत. ते शुद्ध करून घ्यावेत का?
— एक शिक्षिका

उत्तर : पत्रासोबत पाठवलेले त्या मुलीचे पान वाचले. ‘आज्जी मांडीवर सूप घेती. पान कातरती. बोलताना हात थांबत नाहीत. लाईट गेली तरी थांबत नाहीत.’ या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. काळा पडदा आणि त्यावर फक्त कात्रीचा आवाज, हे दृश्य त्या मुलीने नकळत लिहून ठेवले आहे. गडकिल्ल्यांचे प्रसंग मुलांनी पुस्तकात वाचलेले असतात, त्यामुळे चित्रेही कॅलेंडरवरचीच उतरतात. हे हात मात्र तिने रोज पाहिले आहेत.

आईची हरकत उडवून लावू नये. निपाणी भागात तंबाखूवर असंख्य घरे उभी राहिली, १९८१ साली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर रस्त्यावर आंदोलन केले, हे सगळे अभिमानाने सांगितले जाते. पण हजार बिड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईच्या वाट्याला आलेली पाठदुखी आणि खोकला घराबाहेर सांगण्याची रीत नाही. तेव्हा आपण स्वतः त्यांच्या घरी जावे, पान आज्जींना वाचून दाखवावे आणि त्यांनाच विचारावे. त्या नको म्हणाल्या, तर विषय तिथेच सोडावा, कारण गोष्ट त्यांची आहे. होय म्हणाल्या, तर पेटलेली बिडी कुठेही न दाखवता भिजवलेले पान, मापाचा पत्रा, चिमूटभर तंबाखू आणि शेवटचा दोरा एवढेच दाखवावे. खोकला ठेवायचा की नाही, हे मुलीला ठरवू द्यावे. माझे मत विचाराल तर ठेवावा.

भाषेचे उत्तर सोपे आहे. मुलीची आणि आज्जींच्या तोंडची वाक्ये जशीच्या तशी ठेवावीत, ‘घेती’चे ‘घेते’ करू नये. निवेदनातले ऱ्हस्व-दीर्घ तेवढे तपासावे. ‘बुट्टी’ म्हणजे काय, हे पुण्याच्या मुलाला कळणार नाही असे आपण लिहिता; परंतु पडद्यावर बुट्टी दिसतच असते, मग अर्थ सांगण्याची गरज काय?

आता प्रत्यक्ष काम. सेकंदाला बारा चित्रे धरली, तरी एका मिनिटाला ७२० लागतात, आणि ती स्वतंत्र काढायला बसलात तर परीक्षा येईल. त्यापेक्षा जाड कागदाचे हात कोपरात आणि मनगटात कापून दोऱ्याने जोडावेत, पुस्तकांच्या दोन चळतींवर काच ठेवून मोबाइल तिच्यावर मागचा कॅमेरा खाली येईल असा ठेवावा, हात किंचित सरकवावा, फोटो घ्यावा, पुन्हा सरकवावा. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचे रोप वाढताना दाखवले ते असेच एकेक चित्र टिपून. आणि चित्रांआधी कथन कसे रचावे, हे पाहायचे असेल तर आपल्याला घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जाता येईल. तिथले चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगतात. आपला मजकूरही शंभर शब्दांच्या आतच असावा, कारण मिनिटभरात तेवढेच बोलून होते आणि मध्ये शांततेलाही जागा हवी.

आवाज आधी घ्यावा, चित्रे त्यावर बेतावीत. आज्जींचे बोलणे आणि कात्री वेगवेगळी टिपावीत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा बंद करायला सांगावा लागेल, पण तंबाखू उडू नये म्हणून आज्जींनी तो बहुधा आधीच बंद ठेवलेला असेल.