ड्राय फ्लाय पाण्यावर तरंगत राहावी म्हणून तिला काय लावावं? सोलापुरात मिळतं त्यावर भागेल का?

तुमचा प्रश्न असा आहे : मे महिन्यात हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जायचंय, सध्या उजनीच्या काठावर सराव चालू आहे आणि ड्राय फ्लाय, म्हणजे गळाला पिसं-केस बांधून केलेला, पाण्यावर तरंगणारा खोटा किडा, तीन-चार कास्टमध्येच (फेकींतच) बुडते. सोलापुरात फ्लोटंट, म्हणजे फ्लाय तरंगत ठेवायला लावतात तो लेप, मिळत नाही, मग खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा मेण चालेल का?

आधी थेट उत्तर देतो. खोबरेल अजिबात नको. व्हॅसलीन अडीनडीला, तेही अगदी पुसट. मेण पेट्रोलमध्ये विरघळवून लावायची जुनी रीत आहे, पण ती घरात करू नका. त्याची वाफ पेट घेते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो धोका आणखी वाढतो.

गळ पोलादाचा असतो, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. तरी फ्लाय बुडत नाही, कारण हॅकलची, म्हणजे कोंबड्याच्या मानेच्या पिसांची, ताठ टोकं पाण्याच्या पृष्ठताणावर टेकलेली असतात आणि केसाकेसांमध्ये हवा अडकलेली असते. त्या जागेत पाणी शिरलं की फ्लाय खाली जाते. म्हणून फ्लोटंटचं काम एवढंच, की पाणी केसाला चिकटू नये. त्याला नजरेला न दिसणारा थर पुरतो. जाड थर लावला की केस एकमेकांना चिकटतात, हवेची जागा जाते आणि वजन मात्र वाढतं. नवीन माणूस फ्लोटंट कमी लावतो असं मी फारसं पाहिलेलं नाही, जास्तच लावतो.

खोबरेलाला नाही म्हणतोय त्याचं कारण तापमान. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. सोलापुरात मे महिन्यात बाटलीत पाण्यासारखं पातळ असतं, त्यामुळे इथे लावून बघाल तर बरं वाटेल. तीर्थनला बर्फ वितळून आलेलं पाणी असतं. त्यात पडल्याबरोबर तेल पांढरं होऊन हॅकलचा गोळा करेल. व्हॅसलीनही गारव्यात घट्ट होतं, पण बोटावर चोळून पुसट लावलं तर हरणाच्या केसांच्या फ्लायवर थोडा वेळ निभावतं.

तेव्हा सिलिकॉनची जेल ऑनलाइन मागवा. छोटी बाटली पुष्कळ दिवस जाते. तांदळाच्या दाण्याएवढी जेल बोटावर घ्या, अंगठ्याने चोळा आणि ती पूर्ण पारदर्शक, तेलकट झाली की मगच हॅकल आणि शेपटीला टिपा. पांढरट असताना लावलीत तर गुठळ्या राहतात. फ्लाय कोरडी असतानाच, पहिल्या कास्टच्या आधी लावायची. ओल्या फ्लायवर लावलेली जेल पाणी आतच कोंडून ठेवते. आपल्या उन्हात गाडीत बाटली ठेवली तर जेल पातळ होऊन झाकणातून गळते, म्हणून बाटली उभी आणि सावलीत ठेवा.

सीडीसी नावाच्या पिसांच्या फ्लायला मात्र जेल लावायची नाही. ती पिसं बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतीची असतात. त्यांचे बारीक तंतू स्वतःच हवा धरून ठेवतात आणि जेलने ते क्षणात चपटे होतात. त्यांना फक्त भुकटी. फोमच्या फ्लायला काहीच नको.

आता ती भुकटी, कारण खरी गंमत तिच्यात आहे. पाणी न धरणारी, अतिबारीक सिलिकाची पांढरी भुकटी ब्रशने हॅकलमध्ये घासायची आणि उरलेली फुंकून टाकायची. रेझिनचं काम करणाऱ्या दुकानांत घट्टपणा आणायला जी हलकी सिलिका मिळते ती दिसायला अशीच असते, पण ती बहुधा साधी, पाणी ओढून घेणारी असते. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून बघा. भुकटी कोरडी वर राहिली, बोटाने दाबली तरी भिजली नाही, तर ती आपल्या कामाची. भिजून खाली गेली तर नाही. हे करताना तोंडानाकाला रुमाल बांधा, धूळ श्वासात जाऊ देऊ नका.

बुटांच्या डब्यात निघणारी सिलिका जेलची पुडी टाकू नका. ती फ्लाय सुकवायला उत्तम. छोट्या डबीत दाणे घ्या, भिजलेली फ्लाय टिपेटसकट (फ्लाय बांधलेल्या दोरीच्या शेवटच्या बारीक भागासकट) आत ठेवा, झाकण हलकं लावून हलवा, पाणी ओढलं जातं. फक्त निळे दाणे वापरू नका, त्यांत कोबाल्टचा क्षार असतो. एवढं लक्षात ठेवा, की हे दाणे सुकवतात, पाण्यापासून राखत नाहीत. नंतर भुकटी लावावीच लागते.

तुमची फ्लाय उजनीवर इतक्या लवकर बुडते त्यात निम्मा दोष पाण्याचा असावा. उन्हाळ्यात तिथलं पाणी शेवाळाने हिरवं असतं, तो चिकटा हॅकलवर बसतो आणि चिकटलेल्या केसाला पाणी लगेच धरतं. मासा लागल्यावर तेच होतं. चिलापी असो की ट्राउट, तिच्या अंगाचा बुळबुळीतपणा फ्लायला लागतो. म्हणून मासा सोडला की आधी फ्लाय पाण्यात खळखळून धुवा, मग सुकवा, मग भुकटी. न धुता भुकटी घातली तर चिकट्यावर पिठूळ थर बसतो, बाकी काही नाही.

सुकवण्याच्या बाबतीत तरी आपण सोलापूरकर नशीबवान. टेरी टॉवेलचा तळहाताएवढा तुकडा कापून जॅकेटला अडकवा आणि फ्लाय त्यात धरून दाबा. चोळायची नाही, पिसं मोडतात. नवा टॉवेल पाणी नीट शोषत नाही, म्हणून आधी धुवून घ्या. शेवटी साध्या पाण्यातून मात्र भरपूर पिळून काढा. कपड्याचा साबण त्यात राहिला आणि फ्लायला लागला, तर पृष्ठताण तिथेच मोडतो आणि कितीही भारी फ्लोटंट लावा, फ्लाय बसकण मारणारच. टॉवेलने दाबून झाल्यावर हवेत दोन-तीन फॉल्स कास्ट (फ्लाय पाण्यावर न टेकवता नुसत्याच फेकी) मारले की उरलेले थेंब उडतात.

हाच साबणाचा गुण टिपेटसाठी मात्र कामी येतो. तरंगणारं टिपेट शांत पाण्यावर चमकतं आणि मासा बिचकतो, म्हणून फ्लायजवळचा फूट-दोन फूट भाग बुडालेला बरा. मुलतानी मातीत थोडं ग्लिसरीन आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घालून घट्ट गोळा करा आणि टिपेट त्यातून ओढा. वाण्याकडून आणलेली माती यासाठी पुरते. गाठीच्या अलीकडे थांबा, फ्लायला लागू देऊ नका, आणि जेल लावायच्या आधी हात धुवून कोरडे करा.

जेल आणि भुकटी आली की घरी परातीत पाणी घेऊन दोन फ्लाय शेजारी सोडा, एक पुसट लावलेली आणि एक भरपूर लावलेली. बोटाने दोन्ही बुडवा आणि कोणती कशी वर येते ते बघा. पाणी फ्रीजमधलं घ्या, म्हणजे तिकडचा अंदाज येईल. हिप्परग्याच्या तलावावर सराव करणार असाल तर मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. तीर्थनसाठी हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो, तो तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी काढा.