जिना ओतण्याआधी

घर बांधताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या जिन्याचं सेंट्रिंग आता लागणार आहे. कंत्राटदार विचारतो, ट्रेड किती, रायझर किती, नोझिंग काढायचं का? आई सत्तरीची, गुडघे दुखतात. हे काय असतं आणि आकडे काय सांगू?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत.

पायरीचा आपण पाय ठेवतो तो आडवा भाग म्हणजे ट्रेड आणि उभा भाग रायझर. ट्रेडची कड रायझरच्या पुढे इंचभर येते ते नोझिंग. ग्रॅनाइटवाला तिलाच हाफ राउंड मारून, म्हणजे कड अर्धगोल घासून देतो. सलग पायऱ्यांची एक ओळ म्हणजे फ्लाइट, दोन फ्लाइटमधली वळायची सपाट जागा म्हणजे लँडिंग. पायऱ्यांखालून तिरका जाणारा काँक्रीटचा स्लॅब तो वेस्ट स्लॅब. पायऱ्यांचा भार तो पेलतो, म्हणून त्याची जाडी आणि सळ्या तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच ठरवू द्या.

राष्ट्रीय इमारत संहितेत घरांसाठी ट्रेड कमीत कमी 250 मिलिमीटर, म्हणजे जवळपास 10 इंच, आणि रायझर जास्तीत जास्त 190, म्हणजे साडेसात इंचांच्या किंचित आत, असं माप आहे. ही झाली शेवटची मर्यादा. दुखऱ्या गुडघ्यांसाठी तिथपर्यंत जाऊच नका. मजल्याची उंची 10 फूट धरली आणि 16 रायझर काढले, तर एकेक साडेसात इंचांचा होतो. 18 काढले तर पावणेसातच्या आत येतो. दोन फ्लाइटमध्ये 9-9 रायझर आले, की प्रत्येकीत ट्रेड 8 येतात, कारण नववं पाऊल थेट लँडिंगवर किंवा वरच्या मजल्यावर पडतं. ट्रेड साडेदहा इंच घ्या. दोन रायझर आणि एक ट्रेड यांची बेरीज 60 ते 64 सेंटिमीटर यावी, असा सतराव्या शतकातल्या ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविशारदाच्या नियमावरून आलेला ठोकताळा आहे. तुमची साठाच्या थोडी वर येते. 16 रायझर आणि 10 इंची ट्रेडच्या जिन्यापेक्षा याला लांबीत सुमारे सव्वा फूट जास्त लागेल. ती जागा हॉलमधून द्या, पण द्याच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक घरांत पहिली पायरी ठेंगणी आणि शेवटची उंच का होते? गवंडी सगळे रायझर कच्च्या काँक्रीटवर सारखे काढतो. नंतर हॉलमध्ये बेडिंग (फरशीखालचा मालाचा थर) आणि टाइल मिळून, समजा, 3 इंच चढतात. पायरीवर ग्रॅनाइट आणि माल मिळून दीडच. मग पहिला रायझर दीड इंचाने कमी होतो आणि वरच्या मजल्याशी शेवटचा दीड इंचाने वाढतो. उतरताना आपण प्रत्येक पायरी बघत नाही, पाय सवयीने पडतो, आणि माणूस नेमका अशाच पायरीवर चुकतो. म्हणून फरशी कोणती, थर किती, हे आजच ठरवा. दोन्ही मजल्यांची फिनिश लेव्हल, म्हणजे फरशी बसल्यावरची पातळी, ट्यूब लेव्हलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) भिंतीवर मार्क करून घ्या आणि रायझर त्या दोन खुणांमध्ये वाटा. वरच्या उदाहरणात कच्च्या कामात पहिला रायझर दीड इंच जास्त आणि शेवटचा दीड इंच कमी ओतावा लागेल, लँडिंगवरही पायऱ्यांएवढाच थर आहे असं धरून. सेंट्रिंगवाला म्हणेल, 'असं कोण करतं?' तुम्ही करून घ्या.

ग्रॅनाइटला ट्रेडच्या कडेजवळ दोन-तीन खाचा मारून घ्या; ओल्या पायाने पॉलिश घसरतं. कठड्याच्या उभ्या गजांत 4 इंचांपेक्षा जास्त फट नको, लहान मुलाचं डोकं अडकतं. आईसाठी भिंतीच्या बाजूलाही हँडरेल लावा, दीड ते दोन इंची गोल पाइपचा, मुठीत नीट बसेल असा. तो पहिल्या पायरीच्या थोडा अलीकडूनच सुरू करा.

प्रश्न : मधल्या लँडिंगखाली छोटं टॉयलेट बसेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मजला 10 फुटी आणि दोन्ही फ्लाइट सारख्या असतील, तर नाही. लँडिंग 5 फुटांवर येतं, त्यातून स्लॅबची जाडी गेली की खाली साडेचार फूट उरतात. जमीन खाली खणून उंची मिळवायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका, ड्रेनेजला उतार मिळत नाही आणि पावसाळ्यात पाणी उलटं येण्याची भीती. पहिल्या उत्तरासारखे 18 रायझर धरून खालची फ्लाइट 13 रायझरची आणि वरची 5 ची केली, तर खाली पावणेसात फुटांच्या आसपास मिळतात, पण खालची फ्लाइट तेवढी लांब जाते. प्लॅन अजून कागदावर असेल तरच हा विचार करा. नाहीतर तिथे शिडी, गाद्या आणि इन्व्हर्टर ठेवा, आणि इन्व्हर्टर असेल तर दाराला जाळी ठेवा, बॅटरीला हवा लागते.